धुकं ठेवायचं की काढायचं?

१९९९ साली कोनामी या जपानी कंपनीतल्या मंडळींना एक अख्खं गाव पडद्यावर दाखवायचं होतं आणि पहिल्या प्लेस्टेशनला ते झेपत नव्हतं. रस्ता जरा लांबवर दाखवायला गेलं की यंत्राची दमछाक व्हायची. मग त्यांनी गावावर धुकं सोडलं. चार पावलांपलीकडचं दिसणारच नसेल तर यंत्राला ते रेखाटावंही लागत नाही. 'सायलेंट हिल'चं ते प्रसिद्ध धुकं असं निव्वळ अडचणीतून आलं. खेळणाऱ्याला मात्र त्या धुक्यात पुढे काय उभं आहे याचा पत्ता लागेना, आणि धोका जवळ आल्याची खूण म्हणून पात्राजवळचा रेडिओ खरखरू लागला की त्याच्या अंगावर काटा येऊ लागला.

दोन वर्षांनी 'सायलेंट हिल २' आला. प्लेस्टेशन २ हे यंत्र दांडगं होतं, तरी धुकं राहिलं. आता ते ठरवून ठेवलेलं होतं. २०१२ मध्ये हाच खेळ 'एचडी' करून विकायला काढला, तेव्हा ते काम करणाऱ्या स्टुडिओच्या हाती मूळ खेळाचा अर्धवट कोड पडला होता. चित्र लख्ख झालं आणि धुकं विरळ झालं. झाकलेल्या रस्त्यांची टोकं, तळ्याच्या पाण्याची कड, सगळं उघडं पडलं. ज्या गावाची भीती वाटायची त्याचा नुसता सेट दिसायला लागला.

या वर्षीच्या अंकाचा विषय 'पुन्हा'. संपादकांच्या मनात बहुधा जुनी नाटकं किंवा गावाकडे परतलेली माणसं असावीत. मी व्हिडिओ गेम्सचे रिमेक मागून घेतले. गेली काही वर्षं या धंद्यात जुनेच गेम नव्याने घडवून पुऱ्या किमतीला विकण्याची लाट आहे, आणि समीक्षक त्यांच्यावर चार ओळींत निकाल देऊन मोकळे होतात. निकाल मलाही द्यायचे होते. त्याआधी हे रिमेक विकतं कोण, जोखतं कोण आणि घडवतं कोण, ते पाहून यावं म्हटलं.

काउंटरवरचा निकाल

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन रोड. मुंबईतल्या ग्रँट रोड स्टेशनवरून चालत आलं की केबल, चार्जर, सीसीटीव्ही कॅमेरे यांच्या गर्दीत गेम्सची दुकानं लागतात. मी ज्या दुकानात उभा होतो तिथे काउंटरच्या काचेखाली डिस्कचे निळे डबे मांडले होते, नवे एकीकडे, वापरलेले दुसरीकडे. मोठ्या कंपनीचा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. म्हणून कॉलेजची पोरं वर्गणी काढून एक डिस्क घेतात, आळीपाळीने संपवतात आणि परत आणून देतात. तिला काय भाव मिळतो, हा इथला निकाल.

"मार्क इंटरनेटवर बघा," मालक म्हणाले. "आपल्याकडे डिस्क किती दिवसांत परत येते ते बघायचं." नुसत्या गोष्टीचा गेम लवकर परत येतो, गोष्ट संपली की तिचं काम संपलं. फुटबॉलचा गेम पुढच्या वर्षीचा येईपर्यंत घरात राहतो. आणि रिमेक? ते हसले. "त्याचं गिऱ्हाईक वेगळं. चाळिशीचा साहेब येतो, भाव करत नाही, डिस्क घेतो आणि परत आणतच नाही. खेळतो की नुसता कपाटात ठेवतो, देव जाणे."

मला हे निरीक्षण पुष्कळ समीक्षांपेक्षा मोलाचं वाटलं. रिमेक ज्याच्यासाठी बनतो त्याच्याकडे पैसा आहे, वेळ नाही. तरीही हे गेम दिवसेंदिवस लांबतच चालले आहेत.

चार ओळींचा धंदा

थोडक्यात निकाल देण्याची रीत जपानमध्ये मुरलेली आहे. 'फामित्सू' हे १९८६ साली सुरू झालेलं नियतकालिक. त्यात प्रत्येक गेमवर चार समीक्षक लिहीत, प्रत्येकी दहापैकी गुण आणि मोजक्या ओळी. बेरीज चाळीसपैकी. पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये, 'झेल्डा'च्या 'ओकारिना ऑफ टाइम'ला. चौघांपैकी एखादा बाकीच्यांहून वेगळा गुण देऊन मोकळा होई, आणि वाचकाला खरा रस त्या एकात असे.

२००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' आलं आणि जगभरच्या गुणांची शंभरपैकी एक सरासरी निघू लागली. वेगळं मत त्या सरासरीत विरघळून गेलं. पुढे हा आकडा करारांत शिरला. 'फॉलआउट: न्यू वेगास' करणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. स्टुडिओच्या ख्रिस अव्हेलोनने २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं, तेव्हा हात आखडून गुण देणारे पुष्कळ समीक्षक जरा चपापले.

आपल्याकडे हे काम कसं चालतं ते पाहायला पुण्यात एका तरुणाकडे गेलो. दिवसा आयटीतली नोकरी, रात्री गेम्सची समीक्षा. कंपनीकडून ईमेलवर कोड येतो, तो टाकला की गेम प्रसिद्धीआधीच उतरवून घेता येतो. सोबत एक पत्रक असतं. अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, अमुक प्रकरणानंतरचं दृश्य दाखवायचं नाही, अमक्या पात्राचं नाव घ्यायचं नाही. चाळीस तासांचा गेम हातात येतो तो बऱ्याचदा आठवडाभर आधी. "अहो, रात्री तीन-तीनपर्यंत आतून ओरडण्याचे आवाज येतात," त्याच्या आई चहा देता देता म्हणाल्या. "आई, ते काम आहे," तो म्हणाला.

पत्रकातली मेख कुठे असते, हे त्याने २०२०च्या 'सायबरपंक २०७७'चं उदाहरण देऊन सांगितलं. समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली गेली. गुण भरघोस आले. लोकांनी घरच्या प्लेस्टेशन ४ वर गेम लावला तर तो धड चालेना; शेवटी सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने उतरवून ठेवला. निकाल खोटे नव्हते. ते ज्या यंत्रावर दिले होते ते वाचकाच्या घरी नव्हतं.

रिमेकच्या बाबतीत आणखी एक अडचण तो सांगतो. मूळ गेम आला तेव्हा तो बालवाडीत होता. "दादा, मला जुनं खेळून बघावं लागतं आणि ते सहन होत नाही. कॅमेरा वळत नाही, पात्र नीट चालत नाही. मग नव्यात सगळं सुधारलंय असं लिहून टाकतो." पाठीमागच्या फळीवरच्या जुन्या गेम्सकडे बोट दाखवत तो म्हणाला, "पण सुधारलंय म्हणजे काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही."

कोपऱ्यापलीकडचा झोंबी

मला वाटतं, खरा प्रश्न त्याने नेमका पकडला आहे. जुन्या गेममधली अडचण कधी नुसती अडचण असते, तर कधी ती गुपचूप काहीतरी काम करत असते. रिमेक करणाऱ्याला हा फरक ओळखता आला पाहिजे.

१९९८चा 'रेसिडेंट ईव्हिल २' घ्या. कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला असे. मागची दृश्यं आधीच करून ठेवलेली चित्रं; त्यांच्यावर लिऑन आणि क्लेअर ही हलती पात्रं. चित्रं देखणी, पण कॅमेरा फिरवण्याची सोय नाही. त्यामुळे वळणापलीकडून कण्हणं ऐकू येई आणि झोंबी दिसत नसे. दार उघडलं की काळ्या पडद्यावर नुसतं दार उघडताना दिसे. तेवढ्यात यंत्र डिस्कवरून पुढची खोली वाचून घेई. खेळणाऱ्याला त्याचं काय! त्याला तो दम खायचा क्षण वाटे, पोटात गोळा आणणारा.

२०१९च्या रिमेकमध्ये कॅपकॉम कंपनीने कॅमेरा लिऑनच्या खांद्यामागे आणला. आता कोपऱ्यापलीकडे डोकावता येतं, म्हणजे जुनी भीती संपली. ही तूट त्यांना ठाऊक असावी, कारण ती त्यांनी दुसरीकडून भरून काढली. गेममधल्या पोलीस ठाण्याचे दिवे घालवून हाती टॉर्च दिला. दारांमागचा काळा पडदा गेला, तसा दार ढकलून झोंबी मागोमाग येऊ लागला. आणि मिस्टर एक्स. टोपी घातलेला हा धिप्पाड राक्षस इमारतभर हिंडतो आणि त्याच्या बुटांचे आवाज भिंतींमधून येत राहतात. तो वरच्या मजल्यावर आहे की शेजारच्या खोलीत, हे आवाजावरून ताडायचं. भीती डोळ्यांकडून कानांकडे गेली. निकाल: रिमेक कसा करावा हे शिकायचं असेल तर इथून सुरुवात करा, हेडफोन लावून.

वर्षभराने आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल ३'चा निकाल एका ओळीचा. १९९९चा नेमेसिस हा पाठलाग करणारा राक्षस कधीही दार फोडून येईल असं वाटायचं, २०२०चा नेमेसिस बहुतेक वेळा नेमून दिलेल्या प्रसंगात हजेरी लावून जातो. शिवाय मूळ गेममधला घड्याळाचा मनोराच गाळलेला.

'रेसिडेंट ईव्हिल ४'चं प्रकरण अधिक नाजूक होतं, कारण २००५चा मूळ गेम आजही खेळवतो. त्यात लिऑनने बंदूक रोखली की त्याला पाऊल उचलता येत नसे. पळायचं किंवा मारायचं, दोन्ही एकदम नाही. समोरून कुऱ्हाडी घेतलेले गावकरी सावकाश चालत येताहेत आणि तुम्ही मनात मोजताय की अजून किती वेळ उभं राहणं परवडेल. सगळा थरार त्या हिशेबात होता. २०२३च्या रिमेकमध्ये चालता चालता गोळी झाडता येते. हे ऐकून मी धसकलो होतो. पण कॅपकॉमने गावकऱ्यांना चपळ केलं, ते बाजूने घेरायला लागले, आणि लिऑनच्या सुरीला नवं काम दिलं. नेमक्या क्षणी सुरी आडवी धरली तर चेनसॉचा वारसुद्धा अडवता येतो. मात्र दर वेळी सुरी झिजते आणि दुरुस्तीला खेळातल्या लांब कोटातल्या विक्रेत्याकडे पैसे मोजावे लागतात. हिशेब आहे तसाच राहिला, फक्त तो पायांऐवजी सुरीचा झाला. जुन्या गेममधला वात्रटपणा थोडा कमी झाला, त्याची चुटपुट आहे. तरी या दशकातला हा सर्वात समजूतदार रिमेक.

पोलंडच्या ब्लूबर टीमने २०२४ मध्ये 'सायलेंट हिल २' नव्याने केला तेव्हा ट्रेलर पाहूनच लोकांनी नाकं मुरडली होती. प्रत्यक्षात त्यांनी धुकं राखलं. इतकं राखलं की आता ते हलतं, वळतं, दिव्याच्या उजेडात दाटतं. मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून त्या गावात आलेला जेम्स आता जवळून दिसतो, चेहऱ्यावरच्या शरमेसकट. माझी तक्रार लांबीची. मूळ खेळ आठ-नऊ तासांत आटपायचा, हा पंधराच्या पुढे जातो. चाळीतली आणि इस्पितळातली तीच ती किल्ल्यांची शोधाशोध ताणली की भीतीची सवय होते, आणि सवय झालेली भीती काय कामाची? लॅमिंग्टन रोडवरच्या त्या चाळिशीतल्या साहेबांना हा गेम अर्ध्यावरच सोडावा लागणार.

'फायनल फँटसी ७'ने तर लांबीचा कळसच गाठला. १९९७चा मूळ गेम तीन डिस्कचा. त्यातलं मिडगार शहर सहाएक तासांत मागे पडायचं. २०२०चा रिमेक त्या एका शहरातच संपतो. २०२४चा 'रिबर्थ' दुसरा भाग आणि तिसरा अजून पुढे. भरताड आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट मला अजून चकित करते. या रिमेकमध्ये भुतांचा एक थवा आहे. गोष्ट मूळ वाटेवरून जरा ढळली की तो धावून येतो आणि तिला पुन्हा जागेवर आणतो. 'हे असं नव्हतं' म्हणून भांडणाऱ्या जुन्या चाहत्यांनाच लेखकांनी पात्र करून टाकलं आणि नायकांना त्यांच्याशी लढायला लावलं. एवढा मिश्कील धीटपणा कुठल्या सिनेमाच्या रिमेकमध्ये मी पाहिलेला नाही.

पिंपात काय होतं?

परदेशी गेम्ससाठी चित्रकाम करून देणारे स्टुडिओ पुण्यात आहेत. तिथे काम करणारी एक मुलगी बाणेरला भेटली. नाव छापायचं नाही आणि कुठला गेम तेही विचारायचं नाही, कारण करारात तसं लिहिलेलं असतं. तिच्या वाट्याला वस्तू येतात: पिंपं, खुर्च्या, दगड, कंदील. आधी संगणकावर मातीकाम केल्यासारखी बारीकसारीक मूर्ती घडवायची, मग तिचे लाखो तुकडे कमी करत यंत्राला पेलेल इतकी ती हलकी करायची आणि गेलेला तपशील वर चित्रासारखा चढवायचा.

"जुन्या गेममधलं पिंप म्हणजे आठ बाजूंचा नळा आणि त्यावर रंगवलेलं लाकूड," ती म्हणाली. "खेळणारा ते पिंप मनातच पुरं करायचा. आता मला ठरवावं लागतं. लाकूड कुठलं? पट्टे गंजलेले का? आत दारू होती का पाणी? कारण त्यावरून डाग बदलतात."

हे कुणी ठरवलंच नाही तर काय होतं ते 'जीटीए'च्या तीन जुन्या खेळांच्या 'डेफिनिटिव्ह एडिशन'मध्ये दिसलं. आपल्याकडे त्यातला 'व्हाइस सिटी' सायबर कॅफेत, तासाच्या बोलीवर, एका संगणकाभोवती चार डोकी घालून खेळला गेला. त्यामुळे २०२१च्या नोव्हेंबरात हा संच आला तेव्हा इथेही उत्सुकता होती. जुनी पुसट चित्रं मोठी करण्याचं काम बरंचसं सॉफ्टवेअरवर सोपवलेलं. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं चुकली. एका डोनटच्या दुकानावर नट-बोल्टातला षटकोनी नट होता, नावातल्या कोटीसाठी. तो घासून गोल गुळगुळीत झाला आणि विनोद मेला. त्यातल्याच 'सॅन अँड्रियास'मधली हवेतली धूसरता काढली, तर एका शहरातून दुसरं दिसू लागलं आणि अफाट वाटणारं राज्य एवढंसं निघालं. हा संच काढणाऱ्या कंपनीने माफी मागितली. २०२४च्या नोव्हेंबरातल्या अपडेटने जुन्या धाटणीचा उजेड आणि धूसरता परत आणली, म्हणजे धुकं काढून परत सोडायला तीन वर्षं लागली.

त्याहून वाईट म्हणजे हा संच येण्याआधी जुने मूळ गेम ऑनलाइन दुकानांतून उतरवले होते. ओरड झाल्यावर पीसीवर ते परत मिळू लागले. २०२०च्या 'वॉरक्राफ्ट ३: रिफोर्ज्ड'नेही हेच केलं: ज्यांनी जुना गेम विकत घेतलेला होता त्यांच्याही संगणकावर नवी, अपुरी आवृत्ती येऊन बसली. या दोहोंचे निकाल मी आणखी लिहीत नाही. रिमेक वाईट निघाला तर हरकत नाही, त्याने मूळ पुसू नये. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळतच नाहीत.

याच्या उलट टोकाला २०२५चा 'ऑब्लिव्हियन'. हा रिमेक नाही, रिमास्टर. आत २००६चंच जुनं इंजिन खेळ चालवतं आणि वर नवं अनरियल इंजिन चित्र दाखवतं. मूळ गेममध्ये एका पात्राच्या संवादात अभिनेत्री चुकते, थांबते आणि 'परत घेते' असं म्हणते. तो चुकलेला तुकडा तसाच राहून गेला होता. रिमास्टरमध्ये तो मुद्दाम ठेवला आहे. माणसं तशीच वेडगळ बोलतात, घोडे तसेच डोंगर चढतात. निकाल: ज्यांना तो वेडेपणा आवडत होता त्यांच्यासाठी मेजवानी, पहिल्यांदाच जाणाऱ्याला हसू आवरणार नाही.

राजपुत्र पुण्याहून निघाला

'प्रिन्स ऑफ पर्शिया' नव्वदच्या दशकात इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची पाठ वळली की सुरू व्हायचा. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये तो ॲपल टू संगणकासाठी केला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवली. म्हणून तो राजपुत्र पाय घसरला की खरा धडपडायचा. त्याचा मूळ कोड हरवला असं सगळे धरून चालले होते. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. त्या वाचल्या गेल्या, आणि आज तो कोड कुणालाही पाहता येतो.

२००३च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये राजपुत्राच्या हाती काळ मागे फिरवणारा खंजीर आला. उडी चुकली तर क्षण उलटा फिरवायचा. २०२०च्या सप्टेंबरात युबिसॉफ्टने त्याचा रिमेक जाहीर केला आणि काम दिलं कंपनीच्याच पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना. इथल्या गेम्सच्या लोकांसाठी ती मोठी बातमी होती. ट्रेलर आला आणि काही तासांत जगाने निकाल दिला: चेहरे मेणाचे, रंग फिके. प्रकाशन आधी २०२१च्या जानेवारीत होतं, ते मार्चवर गेलं, मग बेमुदत. २०२२च्या मेमध्ये काम मॉन्ट्रियलला, जिथे मूळ गेम बनला होता तिथे गेलं. २०२४ मध्ये २०२६ चा वायदा झाला, आणि २०२६च्या जानेवारीत प्रकल्पच रद्द झाला.

या गेमवर माझ्याकडे निकाल नाही. खेळायला काही मिळालंच नाही आणि दोन मिनिटांच्या ट्रेलरवर निकाल द्यायला मी तयार नाही. एवढं मात्र खरं, की मॉन्ट्रियलच्या अनुभवी स्टुडिओलाही पुढे जवळजवळ चार वर्षांत तो बाहेर काढता आला नाही. म्हणजे अडचण पुण्या-मुंबईच्या हाताची होती असं म्हणणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा.

सुट्टीत काय खेळाल?

घरात प्लेस्टेशन ५ असेल तर 'रेसिडेंट ईव्हिल ४', मुलं झोपल्यावर. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' फक्त ज्याने तो आधी कधीच खेळला नाही त्याच्यासाठी. २०१३चा गेम, २०१४ मध्ये रिमास्टर, २०२२ मध्ये पुन्हा पुऱ्या किमतीत, देखणा आहे आणि गरज कुणालाच नव्हती.

घरात निंटेंडो स्विच आणि दहाएक वर्षांचं मूल असेल तर 'लिंक्स अवेकनिंग'. १९९३चा मूळ गेम गेम बॉयवरचा. त्या यंत्राला कामाची बटणं दोनच. तलवार एकावर, ढाल दुसऱ्यावर, आणि उडी मारायची तर यादी उघडून काहीतरी काढून ठेवायचं. दिवसभर ही अदलाबदल. त्या अडचणीत काही दडलेलं नव्हतं. २०१९च्या रिमेकने तलवार-ढालीला कायमची बटणं दिली, बेट लाकडी खेळण्यांसारखं मांडलं आणि बाकी खेळ बहुतेक तसाच ठेवला. गर्दीच्या जागी चित्र जरा अडखळतं, तेवढं चालवून घ्या.